इन्स्टंट कॅमेरा आणि एक कवितेचं पुस्तक : एकटीनं फिरताना दहा महिने वापरून लिहितेय

आधीच सांगते, हा रिव्ह्यू फोटोग्राफी करणाऱ्यांसाठी नाहीये. मेगापिक्सेल, झूम, व्हिडिओ असलं काही शोधत असाल तर दुसरीकडं बघा. मी कॅमेरा घेतला तो वेगळ्या कामासाठी आणि ते उघड सांगायला मला लाज वाटत नाही. फिरताना कुणीतरी भेटावं, ज्याच्याशी बोलावंसं वाटेल, ज्याला माझ्याशी बोलावंसं वाटेल आणि जमलं तर पुढं काही व्हावं, एवढ्यासाठी घेतला. सोबत एक पुस्तक ठेवलं, वाचायला तर ठेवलंच पण त्यामागं कारण हेही होतं. मागच्या ऑक्टोबरपासून या ऑगस्टपर्यंत दोन्ही वस्तू दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी पिशवीत होत्या, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही.

माझं थोडक्यात सांगते म्हणजे कळंल मी कुठून बोलतेय. वय एकोणतीस, गाव लातूरकडचं, नोकरी संभाजीनगरला, वाळूजच्या एका कंपनीत अकाउंट्सला. सिडकोत तिघी मिळून राहतो. घरून स्थळं बघणं चार वर्षांपासून चालूय, अकरा जणांसमोर बसले मी आतापर्यंत. अकराही वेळा तेच, ट्रे, पोहे, मुलगा खाली बघतोय, त्याची मावशी विचारतेय पगार किती आणि लग्नानंतर नोकरी करणार का. माणसं वाईट होती असं अजिबात नाही, दोघं-तिघं तर चांगलेच वाटले, पण त्या खोलीत कुणी कुणाला दिसतच नाही ना, सगळे तोंडी परीक्षेला आल्यासारखे बसतात. मला माणूस तसा बघायचा होता जसा तो एरवी असतो, म्हणजे एसटी चुकली तर काय करतो, चहा देणाऱ्या पोराशी कसा बोलतो, गर्दीत म्हाताऱ्या बाईला जागा देतो का. ते फिरतानाच दिसतं. आणि २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय त्यामुळं एकटीनं निघायला खिशाचंही कारण उरलं नाही.

आता कॅमेरा. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाजारात जो छोटा, फुगीर, फिकट रंगाचा इन्स्टंट कॅमेरा सगळीकडं मिळतो, मिनी फिल्मवाला, तो. मला साडेसहा हजाराला पडला, दिवाळीच्या बोनसमधून घेतला. दोन पेन्सिल सेल लागतात आणि ते टिकतात चांगले. फिल्मच्या एका पॅकमध्ये १० फोटो, वीसचा जोडपॅक मला हजार-बाराशेला मिळतो म्हणजे एक फोटो पन्नास-साठ रुपयाला गेला, हे डोक्यात ठेवूनच बटण दाबायचं. फोटो असतो केवढा तर ६२ बाय ४६ मिलिमीटर, एटीएम कार्डाएवढ्या कागदावर, खाली पांढरी पट्टी जास्त रुंद असते त्यावर पेननं तारीख लिहिता येते. निगेटिव्ह नाही, मेमरी कार्ड नाही, एकच प्रत. हा मुद्दा पुढं परत येणार आहे.

पण या कॅमेऱ्याची खरी गोष्ट मला तिसऱ्या-चौथ्या वेळेला कळाली. मोबाईलवर फोटो काढून द्या म्हटलं तर समोरचा माणूस दोन सेकंदात तीन फोटो काढतो, फोन परत देतो, थँक्यू, संपलं. शिवाय फोनमध्ये आपलं सगळं असतं, बँक, घरचे, मेसेज, तो अनोळखी हातात देताना जीव थोडा वर होतोच. हा कॅमेरा मात्र हातात दिला की आधी सांगावं लागतं, हे बघा इथून बघायचं, बोट इथं नको, हे बटण. मग तो दाबतो, घर्र आवाज होतो, वरून कागद बाहेर येतो आणि तो कागद कोराच असतो. फोटो पूर्ण दिसायला साधारण दीड मिनिट लागतं. आणि या दीड मिनिटात दोघांपैकी कुणीच तिथून हलत नाही. तुम्हाला फोटो बघायचाय, त्यालाही बघायचाय की आपण काढलेला आला कसा. तेवढ्या वेळात माणूस काहीतरी बोलतोच आणि जे बोलतो त्यावरून बरंच कळतं. कुणी नुसतंच विचारतं केवढ्याला घेतला, कुणी आपल्या लहानपणीच्या स्टुडिओतल्या फोटोची गोष्ट सांगतं. मी साडेसहा हजार दिले ते त्या दीड मिनिटाचे दिले असं मला वाटतं आणि ते वसूल झालेत.

(फोटो हलवायचा नाही हां, सगळे हलवतात, त्यानं लवकर येत नाही. उलट उन्हापासून झाकून, पालथा धरायचा.)

आपल्याकडं मुलीनं आधी बोलणं अवघड आहे, म्हणजे कायद्यानं नाही पण नजरेनं. मुलगा अनोळखी मुलीशी बोलला तर तो पुढाकार, मुलगी बोलली तर आजूबाजूच्या चार माना वळतात. कॅमेरा हातात असला की "जरा एक फोटो काढता का" म्हणायला कुणाची बंदी नाही, दर्ग्यात, देवळात, किल्ल्यावर कुठंही चालतं. मला या कॅमेऱ्यानं पहिल्यांदा आधी बोलायची सोय दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवत होते की कुणाशी बोलायचं, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं, फोटोपेक्षाही.

त्यात एक अडचण आली ती भाषेची आणि ती इथं लिहायलाच पाहिजे का की मला तीन-चार खेपा वाया गेल्यावर उमगली. आपल्याला लहानपणापासून सवय की अनोळखी माणसाला हाक मारायची तर दादा. "ओ दादा, एक फोटो काढता का?" तोंडातून आपोआप निघतं. आणि एकदा दादा म्हटलं की तो भाऊ झाला, तोही लगेच ताई म्हणतो, काळजी घेतो, पाणी विचारतो, बस कुठून मिळंल सांगतो आणि जातो. दौलताबादला चाँद मिनारापाशी एक जण खूप छान वाटला होता, इतिहास शिकवतो म्हणाला, पण मी सुरुवातच दादानं केली होती, तो ताई ताई करत राहिला, मग काय बोलणार. आता मी हाकच मारत नाही. समोर जाऊन "एक मिनिट, जरा हा फोटो काढून देता का?" एवढंच, अहो-जाहोत, नाव नाही गाव नाही नातं नाही. आणि समोरच्यानं आपणहून ताई म्हटलं तर समजून घ्यायचं की त्याला तेवढंच बोलायचंय, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. मुलांनाही हेच सांगीन, मुलीनं दादा म्हटलं की ते ऐका. तिनं विचार करून म्हटलेलं असतं.

कॅमेऱ्याच्या कमतरता भरपूर आहेत. पहिली म्हणजे फ्लॅश बंद होतच नाही, दरवेळी उडतो. आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, असायलाच पाहिजे, ती चित्रं किती जुनी आहेत आणि उजेडानं रंग मरतात. मला हे माहीत होतं तरी एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर हात पिशवीत गेलाच होता, तिथल्या कर्मचाऱ्यानं लांबूनच मान हलवली. बरोबर केलं त्यांनी. अजिंठ्यात हा कॅमेरा लेण्यांच्या आत पिशवीतच राहणार हे धरून चाला. दुसरं, फ्लॅशचा उजेड दोन-अडीच मीटरच्या पुढं जात नाही त्यामुळं देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत काढलात तर एक चेहरा आणि मागं काळं. तिसरं, मोठी वस्तू मावत नाही. वेरूळला कैलास, १६ नंबर, अंगणात उभं राहून काढायला गेले तर नुसता हत्तीच आला. बाजूच्या डोंगरावर चढून वरून काढला तेव्हा कळस दिसला पण एवढासा. एक मात्र आहे, कैलास पश्चिमेकडं तोंड करून आहे त्यामुळं दुपारनंतर जा, तीन-चारच्या उन्हात समोरच्या माणसाचा चेहरा फार सुंदर येतो, दगडाचा रंगही अंगावर उतरल्यासारखा. सकाळी गेले होते तेव्हा सगळे फोटो करडे आले. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, सुट्टी टाकायच्या आधी बघा.)

उन्हाळ्यात तर नाहीच. मे महिन्यात पैठणला गेले, नाथसागराच्या बाजूला, पारा बेचाळीसच्या वर, फोटोंचे रंग पार बिघडले, सगळ्यांवर एक पिवळसर झाक. ही फिल्म चाळीसच्या आतच नीट चालते आणि मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या आत काही नसतं. तेव्हापासून फिल्म डब्याच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीला चिकटवून नेते.

एका दुकानाबद्दलही सांगायचंय, नाव घेत नाही. त्यांनी मला मुदत संपलेली फिल्म दिली. खोक्यावर तारीख असते, मी बघितली नाही, घाई होती. दहाच्या दहा फोटो फिके, धुक्यात काढल्यासारखे. त्यात येळवसेचे फोटो होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला आख्खं गाव रानात जातं, कडब्याची कोप करतात, आत पांडव पुजतात, भज्जी, आंबील, उंडे, आणि ओळखीचा-अनोळखी कुणी वाटेनं दिसला तरी हाक मारून जेवायला बसवतात. माझ्या आजीचा तिथला फोटो त्या फिल्मवर गेला. आजी कोपीच्या तोंडाशी आंबिलीचं गाडगं धरून बसलेली, पदर डोक्यावर, आणि फोटोत नुसती एक पांढरी आकृती. दुकानात परत गेले तर म्हणाले फोडलेला पॅक घेत नाही. पैशाचं सोडा, तो दिवस परत येतो का. तर खोक्यावरची तारीख बघा, दुकानातच बघा. आणि पॅक संपेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही, कुणाला उघडू द्यायचं नाही, वेरूळच्या बागेत एका लहान पोरानं कौतुकानं उघडलं आणि माझ्या सहा फिल्म एका क्षणात गेल्या.

आता पुस्तक. पुस्तकाचं नावही सांगत नाही, कारण नाव सांगितलं की तेच घ्याल आणि ते तुम्हाला आवडंलच असं नाही. कवितेचं आहे, मराठी, पातळ, सव्वाशे पानांच्या आत, एका हातात मावतं. गुलमंडीकडून घेतलेलं, जुनं, आधीच्या मालकानं दोन-तीन ठिकाणी पेन्सिलीनं रेघा मारल्यात. कादंबरी आधी नेऊन बघितली, जमत नाही, गोष्टीत गुंतलं की वर बघायचं राहतं आणि कुणी काही विचारलं तर मधूनच काय सांगणार. कविता एक वाचायची, मान वर करायची, समोर बघायचं, ती डोक्यात फिरते तोवर माणसं दिसतात.

पुस्तक कॅमेऱ्यापेक्षा हळू काम करतं पण जास्त खात्रीनं करतं. पहिलं म्हणजे एकट्या बाईला पुस्तकामागं शांतता मिळते. ज्याच्याशी बोलायचं नाही तो शेजारी बसून घसा खाकरायला लागला की मान खाली घालून वाचत राहायचं, दोनदा-तीनदा हं हं केलं की त्याला कळतं. तेच मोबाईलमध्ये बघत बसलात तर लोकांना वाटतं टाइमपास करायलीय, बोललं तरी चालतंय. पुस्तकाला आपल्याकडं अजून मान आहे. आणि ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याच्यासाठी पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं, बस, एवढंच करायचं.

एसटीत वाचायचा प्रयत्न करू नका, डोळे दुखतात, मळमळतं. रेल्वेत मात्र छान वाचून होतं. मी नंदीग्रामला, देवगिरीला, मराठवाडा एक्सप्रेसला सगळीकडं वाचलंय. आणि सगळीकडं पहिला प्रश्न एकच, "काय एमपीएससी करायलीस का?" आपल्याकडं हातात पुस्तक म्हणजे स्पर्धा परीक्षा, पोरगी असो की पोरगा. जालन्याला चढलेले एक काका तर माझं पुस्तक बघून सेलूपर्यंत त्यांच्या मुलीच्या तिसऱ्या अटेम्प्टबद्दल बोलत होते, बोलता बोलता गप्प झाले, डोळे पुसले. मी त्यांना एक कविता वाचून दाखवली, बापावरची होती. ते काही बोलले नाहीत, उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे मी ज्या कामासाठी पुस्तक घेतलं त्यात बसत नाही, पण मला विसरता येत नाही म्हणून लिहिलं.

एमपीएससी नाही, कविता आहेत म्हटल्यावर समोरचा काय करतो ते बघायचं. नव्वद टक्के लोक "अच्छा" म्हणून गप्प होतात. जे विचारतात "कुणाच्या?" किंवा "कशावर आहेत?" ते दहातले एक. गाळणी लावायला दुसरं काही करावंच लागत नाही.

पण हे खोटं करता येत नाही, इथं मी जरा ठामपणे सांगतेय. बीबी का मकबऱ्याला एकदा एक मुलगा भेटला, जाड इंग्रजी पुस्तक घेऊन हिरवळीवर बसलेला, कपडे छान, बोलणं छान. त्यानंच बोलायला सुरुवात केली. मी विचारलं कुठवर आलंय, काय चाललंय सध्या पुस्तकात, तर त्याला सांगता येईना, पानं चाळायला लागला, पुस्तक इतकं कोरं होतं की पानं एकमेकांना चिकटलेली. मला राग नाही आला, वाईट वाटलं, फसवल्यासारखं. त्या पुस्तकाऐवजी तो नुसता बसला असता आणि म्हणाला असता मी इथं नेहमी येतो, मला हा घुमट आवडतो, तर मी थांबले असते. जे खरंच वाचताय तेच न्या, भले पाककृतीचं असू द्या.

आणि कॅमेऱ्याचंही तेच. म्हैसमाळला पावसाळ्यात गर्दी असते, तिथं एक जण भली मोठी लेन्स लावून लांबून मुलींचे फोटो काढत होता, न विचारता. एक मुलगी बघितल्यावर ओढणी तोंडावर घेऊन गाडीत जाऊन बसली. मी गेले त्याच्याकडं, म्हटलं दाखवा, आणि समोर उभं राहून डिलीट करायला लावले. पाय कापत होते माझे. कॅमेरा घेऊन मुली पटवायच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांनी माझं वाचून काही शिकू नये. आधी विचारायचं, मग काढायचा, आणि काढलेला त्याच माणसाच्या हातात द्यायचा. इन्स्टंट कॅमेऱ्याचा हाच मोठा फायदा आहे, एकच प्रत असते आणि ती जिच्या हातात तिची, कुठं पुढं पाठवता येत नाही. माझा स्वतःचा नियम असा की माझा फोटो अनोळखी माणसाकडं जाणार नाही. तीन जणांनी मागितला, "मला द्या ना आठवण म्हणून". नाही म्हटलं. एक जण तर त्यावरून रुसला. मग बरंच झालं.

आता अजिंठा. जानेवारीचा रविवार. फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरून तिथून लेण्यांच्या बसनं गेले, सगळी लेणी बघितली, २६ नंबरला निजलेल्या बुद्धापाशी बराच वेळ बसले आणि मग खाली वाघूर नदीच्या पुलाजवळ झाडाखाली पुस्तक काढलं. नदीला पाणी जवळपास नव्हतंच. बाजूच्या दगडावर एक जण डबा खात होता, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि वानरं जवळ आली तशी त्यानं डबा शांतपणे झाकला, आरडाओरडा नाही, दगड मारला नाही. ते मी बघितलं. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

त्यानं विचारलं, "कविता आहेत का?" मुखपृष्ठावर तसं काही नव्हतं. मी म्हटलं कसं कळालं, तर म्हणाला, "तुम्ही पान उलटायच्या आधी वर बघायलाव." मग म्हणाला शाळा सुटल्यापासून कविता वाचलेली नाही, एखादी वाचून दाखवता का. मी आठ ओळींची एक वाचली. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "परत एकदा वाचा." दुसऱ्यांदा वाचताना माझा आवाज थोडा हलला, खरं सांगते.

तो परभणीचा, माती तपासायच्या लॅबमध्ये कामाला. त्यानंच विचारलं, येताना पारोची कबर बघितली का. मी गावावरून दोनदा गेलेली पण उतरले नव्हते. अजिंठा गाव घाटाच्या वर आहे, लेण्यांच्या अलीकडं, तिथं पारोची कबर आहे, दगडावर १८५६ साल आहे. १८४४ मध्ये कंपनी सरकारनं रॉबर्ट गिल नावाच्या फौजी अधिकाऱ्याला लेण्यातल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं, तो वर्षानुवर्षं इथंच राहिला, आणि पारो ही इथलीच, त्याच्या आयुष्यात आलेली. त्यानं काढलेली चित्रं लंडनला नेली, त्यातली बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. नंतर त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ ला लंडनमध्ये निघाली. हे सगळं तो सांगत होता आणि माझ्या पिशवीत एक कॅमेरा आणि मांडीवर एक पुस्तक. म्हणाला, त्या बाईचा एकही फोटो मी कुठं बघितला नाही, तेवढंच मनाला लागतं.

मग मी कॅमेरा काढला. एक फोटो काढता का म्हटलं. हाक नाही, दादा नाही. त्यानंही ताई म्हटलं नाही. त्यानं दोन पावलं मागं जाऊन, बोट बाजूला घेऊन नीट काढला, कागद बाहेर आला तसा त्यानं तो जॅकेटच्या आत, उन्हाच्या आड धरला, हलवला नाही. दीड मिनिट. आधी केसांची काळी कड आली, मग झाडाचं खोड, मग माझ्या ओढणीचा मोरपंखी रंग, सगळ्यात शेवटी चेहरा. मी विचार करत होते की आता हा मागणार आणि मला नाही म्हणावं लागणार. त्यानं फोटो पूर्ण उमटलेला बघितला, माझ्या पुस्तकात ठेवला आणि म्हणाला, "तुमचा आहे, तुमच्याकडंच राहू द्या."

तेवढ्या एका वाक्यावर मी पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते.

मी त्याचा एक काढला आणि त्याला दिला, खालच्या पट्टीवर तारीख लिहून. त्यानं त्याच्या बसच्या तिकिटामागं नंबर लिहिला, तिकीट पुस्तकात घातलं आणि सांगितलं, वाटलं तर करा, नाही वाटलं तर खूण म्हणून वापरा. माझा नंबर त्यानं मागितला नाही. अकरा दिवसांनी मी फोन केला. अकरा दिवस ते तिकीट त्याच कवितेच्या पानात होतं जी दोनदा वाचली होती.

त्यानंतर पाच वेळा भेटलो. जालन्याला भेटतो, दोघांना मधे पडतं, स्टेशनबाहेर चहा घेतो आणि परत आपापल्या गाडीनं. आईला सांगितलंय. तिनं आधी जात विचारली, मी आधी नाव सांगितलं, मग वानरांसमोर डबा झाकला ते सांगितलं, जात शेवटी सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली फोटो आहे का. मी म्हटलं त्याचा फोटो त्याच्याकडं आहे. बाबांना अजून सांगायचंय.

तर कॅमेऱ्याला पाचपैकी साडेतीन. फ्लॅश, उन्हाळा आणि फिल्मचा खर्च यासाठी दीड कापला. रोज वापरायची वस्तू नाहीच ही. पुस्तकाला पाच. दोन्हीतलं एकच घ्यायची ऐपत असेल तर पुस्तक घ्या, ऐंशी रुपयाला जुनं मिळतं. दोन्ही जमत असेल तर दोन्ही न्या, पण वेगवेगळ्या वेळी बाहेर काढा, एकाच वेळी गळ्यात कॅमेरा आणि हातात पुस्तक असलं की जवळ यायला लोक बिचकतात, मला दोन महिने लागले हे कळायला. मुलींनो, गाडीची शेवटची वेळ लिहून ठेवा, कुठं गेलोय ते एका मैत्रिणीला कळवून ठेवा, माझ्या रूममेटला दर दोन तासाला मेसेज जातो.

पुढच्या रविवारी नळदुर्ग. तिथला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा, बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटातच महाल, पावसाळ्यात पाणी भरून आलं की दोन धारा पडतात, एकीला नर म्हणतात, एकीला मादी, आणि आतल्या सज्जात बसलं की पाणी समोरून कोसळताना दिसतं. सोलापूरच्या मैत्रिणीनं कळवलंय की दोन्ही चालू झाल्यात. कॅमेऱ्याला तुषार लागू नयेत म्हणून जाड प्लास्टिकची पिशवी घेतली, फिल्म चार उरल्यात, तारीख बघून घेतलेली. पुस्तक या वेळी तो आणणार आहे.